अकरा दिवसांचं जेवण

आई पहिल्या दिवसापासून आयसीयूच्या दारात थर्मास घेऊन बसायची. स्टीलचा, जुना, माझ्या शाळेच्या सहलींचा. त्यात उकड्या तांदळाची पेज. कोल्हापुरात आमचे कोणी नातेवाईक नाहीत, आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत खोली घेतली होती, आणि तिथल्या एकाच शेगडीवर ती पहाटे पाचला उठून पेज करायची. तांदूळ गावाहून येताना आणलेले. नवरा ॲम्ब्युलन्समध्ये, फोंडा घाटात पावसाचा पडदा, आणि या बाईने निघता निघता पिशवीत दोन किलो उकडे तांदूळ टाकलेले.

सिस्टर रोज तेच सांगायच्या, "मावशी, बाहेरचं चालत नाही. त्यांना नळीतून फीड चालू आहे."

आई रोज तेच विचारायची, "फीड म्हणजे काय घालतत?"

मला तेव्हा वाटायचं, केवढा साधा प्रश्न आहे. माणूस व्हेंटिलेटरवर आहे, रक्त मशीनमधून फिरतंय, आणि हिला जेवणाचं पडलंय. पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की त्या आयसीयूत जी गणितं चालली होती त्यातलं सगळ्यात अवघड गणित आईच्याच प्रश्नाचं होतं. आणि ते मी चुकवलं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

*

बाबा एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि कुडाळजवळच्या आमच्या गावी पूर्ण वेळ शेती करू लागले. जुलैत लावणी होती. चार दिवस गुडघाभर चिखलात, पायाला भेगा. मग ताप. तापावर तीन दिवस पॅरासिटामॉल, कारण 'पावसात ताप येतोच'. चौथ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की उभं राहवेना. डोळे लाल, मग पिवळे. लघवी जवळजवळ बंद.

लेप्टो. सिंधुदुर्गातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उंदराच्या मुतातून पाण्यात आलेला जंतू, पायाच्या भेगेतून आत. दर पावसाळ्यात आरोग्य सेवक डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरतात. बाबांच्या गोळ्या देवाच्या फोटोमागे सापडल्या, पाकीट न फोडलेलं.

मी पुण्याहून पोचलो तेव्हा ते बेशुद्ध होते. ६१ वर्षं, ६२ किलो. प्लेटलेट २२ हजार, रक्तदाब औषधावर टिकवलेला, क्रिएटिनिन ६.८. नेहमीचं डायलिसिस, म्हणजे चार तासांत सगळं काढून टाकणारं, त्यांच्या रक्तदाबाला झेपणार नव्हतं. म्हणून सीआरआरटी: तेच काम, पण चोवीस तास, हळूहळू. दुसऱ्या दिवशी ते सुरू झालं.

मशीन साधारण आपल्या कपाटाच्या निम्म्या उंचीचं. पुढे गोल फिरणारे पंप, मध्ये एक पांढरी नळकांडी, म्हणजे फिल्टर. बाबांच्या मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर यायचं, त्या नळकांडीतून जायचं आणि परत आत. खाली एक पिशवी टांगलेली. त्यात फिकट पिवळं पाणी जमायचं. तासाला किलोमागे २५ मिलिलिटर, म्हणजे बाबांचं तासाला १५५० मिलिलिटर, दिवसाला ३७ लिटर. पाच लिटरची पिशवी दर तीन-सव्वातीन तासांनी भरायची.

गंमत म्हणजे डाएटिशियन मॅडमनी कॅलरीही किलोमागे २५ धरल्या होत्या. दिवसाला १५५०. तोच आकडा. निव्वळ योगायोग, पण मला तेव्हा प्रत्येक आकड्यात अर्थ दिसत होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

*

मी बॅकएंडवर काम करतो. काही बिघडलं की आम्ही पहिल्यांदा लॉग बघतो. इथे लॉग म्हणजे बेडच्या पायथ्याशी असलेला भलामोठा चार्ट, ज्यात सिस्टर दर तासाला पेनाने आकडे भरतात. मला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. त्यातली पाच मिनिटं मी बाबांचा हात धरायचो आणि पाच मिनिटं चार्ट वाचायचो. बाहेर येऊन मोबाइलवर स्प्रेडशीट भरायचो. पहिल्या दिवशी सिस्टर वैतागल्या, चौथ्या दिवशी एकीने आपणहून सांगितलं, "दादा, काल रात्रीचं फीड तीन तास बंद होतं, लिहून घ्या."

शीटमध्ये एक रकाना 'ठरलं', एक 'पोचलं'. आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मी तो केला होता. पाचव्या दिवशी ठरलं होतं १५५०, पोचलं ८७०. आणि त्या ८७० मधल्या २६० कॅलरी जेवणाच्या नव्हत्याच. झोपेसाठी दिलेलं प्रोपोफॉल हे औषध तेलात कालवलेलं असतं, दुधासारखं पांढरं. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमागे १.१ कॅलरी मिळतात, आणि त्या हिशेबात धराव्या लागतात. झोपेच्या औषधातून माणसाच्या पोटात, म्हणजे खरं तर शिरेत, रोज पाव लिटर दुधापेक्षा जास्त कॅलरी जातात हे मला त्या दिवशी कळलं.

बाकीचं कुठे गेलं? कुठेच नाही. सीटी स्कॅनला नेण्याआधी फीड बंद. परत आल्यावर नळीची जागा पक्की होईपर्यंत बंद. नाकातून रक्त आलं म्हणून बंद. रक्तदाबाचं औषध अचानक वाढवावं लागलं म्हणून कमी. प्रत्येक वेळी कारण बरोबर होतं. पण दिवसाच्या शेवटी बेरीज केली की ताट अर्धं रिकामं.

मला राग आला. चौथ्या दिवशी आला होता, पाचव्या दिवशी तो मी बोलून दाखवला.

मी रात्रभर वाचलं होतं. किडनीच्या डॉक्टरांच्या जागतिक संस्थेने, केडिगोने, २०१२ मध्ये म्हटलंय की सतत चालणाऱ्या मशीनवरच्या रुग्णाला किलोमागे १.७ ग्रॅमपर्यंत प्रोटीन द्यावं. अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशी २.५ पर्यंत जातात. बाबांना मिळत होतं ०.७. आमच्या नात्यात एका मामांची किडनी कमजोर आहे, त्यांना डॉक्टरांनी डाळ मोजून खायला सांगितलीय, त्यामुळे आमच्या फॅमिली ग्रुपवर 'किडनी म्हणजे प्रोटीन बंद' हे वेदवाक्य होतं. मी सगळ्यांना तोऱ्यात समजावलं होतं की तो नियम मशीन नसलेल्या, घरी फिरत्या माणसाचा. इथे उलटं आहे. आणि मग तोच तोरा घेऊन मी आयसीयूच्या डॉक्टरांसमोर गेलो. मोबाइलवर तक्ता उघडून.

त्यांनी तो तक्ता खरंच बघितला. हे मला अजून आठवतं, कारण ते सहज हाकलू शकले असते.

"तुमचे आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण तुम्ही एक रकाना धरलेला नाही. त्यांचं शरीर स्वतःच रोज साखर तयार करतंय. इतक्या आजारात ते थांबत नाही. आपण वरून कितीही घातलं तरी थांबत नाही. म्हणजे पहिले काही दिवस आतून एक जेवण चालूच आहे. त्यावर मी बाहेरून पूर्ण जेवण ओतलं तर दुप्पट होईल."

"आणि प्रोटीन?"

"चढवतोय. आतड्याला रक्त कमी मिळतंय अशा वेळी गच्च भरलं तर आतडंच सडू शकतं. तासाला वीस मिलिलिटरवरून आपण पन्नासवर आलोय. आणखी दोन दिवस द्या."

मी गप्प बसलो, पण पटलं नव्हतं. बाबा बरे होऊन घरी आल्यावर, खूप उशिरा, मी २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक मोठा प्रयोग वाचला. व्हेंटिलेटरवरचे सुमारे तेराशे रुग्ण. अर्ध्यांना किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन द्यायचं, अर्ध्यांना १.२ पर्यंत. जास्तवाले लवकर घरी गेले नाहीत. उलट ज्यांची किडनी बिघडली होती त्यांना जास्त प्रोटीन सोसलं नाही असं दिसलं, आणि त्याच आकडेवारीची नंतर पुन्हा फोड केली तेव्हा तो तोटा मुख्यतः मशीनवर नसलेल्या किडनी रुग्णांमध्ये आढळला. म्हणजे मी ज्या आत्मविश्वासाने 'अजून घाला' म्हणत होतो, तो जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांमध्येही नाही. आत्मविश्वास फक्त माझ्याकडे होता, एका रात्रीच्या वाचनाचा.

*

सहाव्या दिवशी डाएटिशियन मॅडम भेटल्या. पंचविशीच्या असतील, माझ्यापेक्षा लहानच. आईने त्यांना थर्मास दाखवला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, आणि म्हणाल्या, "काकू, ही मला चालेल. पण यात बघा, एका वाटीत प्रोटीन जेमतेम दीड-दोन ग्रॅम. मला काकांसाठी रोज ९३ लागतंय."

आईने विचारलं, "एवढा कित्याक?"

त्यांनी मशीनकडे बोट केलं. "ते खातं ना."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. फिल्टरला चांगलं-वाईट कळत नाही, फक्त आकार कळतो. युरियाचा रेणू लहान, तो गेला पाहिजे. पण आपण खाल्लेलं प्रोटीन पचून ज्या अमिनो आम्लांत मोडतं, तेही लहानच. तेही त्याच भोकांतून जातात. रक्तातलं अल्ब्युमिन शेकडो पटींनी मोठं, म्हणून ते राहतं. नेटवर्कवाल्या मित्रांना कळेल: हा फायरवॉल पॅकेटमध्ये काय आहे ते बघत नाही, फक्त साइझ बघतो. अशा मशीनवर दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात. म्हणजे रोज दोन अंडी. त्या पिवळ्या पिशवीत.

त्यांच्यामागोमाग पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं. थायमिन, क जीवनसत्त्व, फोलेट. सेलेनियम आणि तांबं. आणि फॉस्फेट, ज्याचं नाव मी बारावीनंतर ऐकलं नव्हतं.

सातव्या दिवशी बाबांचं फॉस्फेट १.४ वर आलं. अडीचच्या खाली जाऊ नये म्हणतात. डॉक्टर व्हेंटिलेटर काढायचा प्रयत्न करत होते आणि बाबा वीस मिनिटांत दमून जात होते. श्वासाचा पडदा हाही स्नायूच, त्याला चालायला जी ऊर्जा लागते तिच्या रेणूतच फॉस्फेट आहे. किडनी बंद पडली की फॉस्फेट रक्तात साचतं, म्हणून किडनीच्या रुग्णाला ते कमी करायच्या गोळ्या देतात. इथे किडनी बंद आणि फॉस्फेट तळाला, कारण मशीन ते किडनीपेक्षा इमानदारीने चोवीस तास उपसत होतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मशीनचा वेग वाढवून बघितला होता. माणसं जास्त वाचली नाहीत. फॉस्फेट मात्र जास्त जणांचं घसरलं: मंद वेगावर ५४ टक्के, जोरात ६५.

मग सलाइनमधून पोटॅशियम फॉस्फेट सुरू झालं. मशीनने पोटॅशियमही खाली नेलं होतं, ३.३ पर्यंत, त्यामुळे एका बाटलीत दोन्ही कामं. मी शीटमध्ये नोंद केली: 'पोटॅशियम कमी पडतंय, रोज देतायत.'

ही ओळ लक्षात ठेवा.

(जाता जाता: पहिलं चालणारं डायलिसिस मशीन १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरने केलं. जर्मनांच्या ताब्यातला देश, सामान मिळेना, तेव्हा त्याने फिल्टर म्हणून सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या वापरल्या. जेवणाची पिशवीच. मला हे वाचून उगाच बरं वाटलं.)

*

आई चार्ट बघायची नाही. तिला दहा मिनिटं मिळाली की ती बाबांच्या पायांना खोबरेल तेल लावायची. आठव्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "मांडी खंय गेली रे त्येंची?"

मी म्हटलं, सूज उतरली असेल.

"सूज नाय. मांडीच गेली."

एसटीच्या डेपोत तीस वर्षं चाकं उचललेला माणूस. मी संध्याकाळी चादर वर करून बघितलं आणि पटकन खाली केली. लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला होता. दहा दिवसांत सरासरी जवळपास १८ टक्के गेला होता. ज्यांचे जास्त अवयव बिघडले होते त्यांचा जास्त. हे नुसतं जेवण कमी पडल्यामुळे होत नाही. आजारी शरीर स्वतःचा स्नायू मोडून वापरतं आणि बाहेरून घातलेलं प्रोटीन तितक्या सहज तिथे लागत नाही. माझी शीट हे दाखवतच नव्हती. तिच्यात आत गेलेलं होतं, लागलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी नळी काढली. बाबांनी पहिला शब्द उच्चारला तो 'पाणी'. दहाव्या दिवशी रात्री सीआरआरटी बंद केलं, रक्तदाब आता स्वतःच्या जोरावर होता. पुढे एक दिवसाआड साधं डायलिसिस. अकराव्या दिवशी मी पुण्याला परत आलो. सुट्टी संपली होती, एक रिलीज डोक्यावर होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की झालं, जिंकलो. शीट भरणं बंद केलं.

बाराव्या दिवशी नाकातली नळीही निघाली. गिळण्याची चाचणी पास. पातळ पदार्थ तोंडाने सुरू.

तेराव्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन. "त्येंका तोंडाक चव नाय. शाळ्याचा पाणी मागतत. दिऊ काय?"

आमच्याकडे आजारी माणसाला शहाळं म्हणजे औषधच. मी म्यूटवर होतो. मी शीट उघडली. शेवटची ओळ दहाव्या दिवसाची. पोटॅशियम ३.३, रोज देतायत. शहाळ्यात पोटॅशियम असतं हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी म्हटलं, "दे की. उलट चांगलंच आहे. पोटॅशियम कमीच आहे त्यांचं."

तिने एक ग्लास दिलं. संध्याकाळी अजून अर्धा.

माझ्या क्षेत्रात या चुकीला नाव आहे. सिस्टिम बदलली आणि तुम्ही जुन्या कॅशमधून वाचताय. मशीन चालू होतं तेव्हा बाबांचं पोटॅशियम चोवीस तास उपसलं जात होतं, म्हणून वरून घालावं लागत होतं. मशीन बंद झालं त्या रात्रीपासून नियम उलटा झाला. लघवी दिवसाला दीडशे मिलिलिटर. दोन डायलिसिसच्या मधल्या जवळपास पावणेदोन दिवसांत आत जाईल ते आतच राहणार. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डाएटिशियन मॅडमनी नवा तक्ता बेडला लावला होता, त्यात शहाळं, केळं, टोमॅटो, सगळ्यावर फुली होती. आईने तो वाचला असता. पण तिने मला विचारलं, कारण दोन आठवडे मीच सगळ्यांना सगळं समजावत होतो.

चौदाव्या दिवशी सकाळी पोटॅशियम ६.२. ईसीजीत बदल. शिरेतून कॅल्शियम, मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, नाकाला नेब्युलायझर, आणि ठरलेल्या वेळेच्या तीन तास आधी डायलिसिस. डॉक्टरांनी आईला विचारलं तेव्हा मी फोनवर होतो, स्पीकरवर. "काकू, कालपासून काय काय दिलंत?"

"शाळा दिलंय," आई म्हणाली. "मियां दिलंय. माझाच चुकला."

मी फोनवर होतो. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी काही बोललो नाही.

पाच सेकंद असतील. मग डॉक्टर पुढचं बोलू लागले, आणि तो क्षण गेला.

दुपारी मी स्वारगेटहून बस पकडली. रात्री साडेआठला कोल्हापूर. डॉक्टर राउंडवर होते. मी त्यांना गाठून सांगितलं की आईने मला विचारलं होतं, मीच हो म्हटलं. जुना रिपोर्ट बघून. ते थकलेले दिसत होते. म्हणाले, "फक्त दीड ग्लास शहाळ्याने एवढं वाढत नाही. त्यांचे स्नायू अजून मोडतायत, त्यातून पोटॅशियम बाहेर येतंच. परवा रक्त चढवलंय, त्यातूनही येतं. पण आधीच काठावर असलेल्या माणसाला ते नको होतं." मग थोडं थांबून, "तुम्ही ती शीट ठेवत होतात ना? चांगली होती. मशीन बंद केलं त्या दिवशी नवी सुरू करायला हवी होती."

मला सवय आहे, एखादा बग सापडला की त्याचं एकच मूळ कारण लिहायचं आणि तिकीट बंद करायचं. इथे तसं लिहिता येत नाही. दीड ग्लास, मोडणारी मांडी, एक बाटली रक्त, आणि मी. किती टक्के कोणाचं, कोणी सांगू शकत नाही.

आईला मी खोलीवर येऊन म्हटलं, तू माझं नाव का नाही घेतलंस? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू हयसर नव्हतंस. तुझा नाव घेऊन काय झाला असता?"

*

त्यानंतर आणखी तीन डायलिसिस झाली. लघवी हळूहळू वाढली. आधी पाचशे, मग दीड लिटर, मग एकदम तीन लिटर, आणि पोटॅशियम पुन्हा कमी पडायला लागलं. पुन्हा नवा तक्ता. त्यात केळं परत आलं. आईने तो तक्ता सिस्टरकडून दोनदा वाचून घेतला, मला विचारलं नाही. लेप्टोत वाचलेल्या माणसाची किडनी पुष्कळदा परत येते. बाबांची आली. घरी सोडताना क्रिएटिनिन १.९ होतं, गणपतीच्या आठवड्यात १.३.

मांडी मात्र आली नाही. म्हणजे येतेय, पण तिच्या चालीने. गणपतीला मी घरी गेलो तेव्हा ते खळ्याच्या दोन पायऱ्या भिंतीला हात लावून चढत होते. पाटावर बसले की उठायला कोणीतरी लागायचं, आणि ते कोणाला हाक मारायचे नाहीत, नुसते बसून राहायचे, जणू त्यांना बसायचंच आहे. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून दहा वेळा उठ-बस सांगितली होती. ते सहा वेळा करायचे आणि दहा म्हणायचे. आई सहा मोजायची आणि गप्प बसायची. जेवणात आता रोज दोन अंडी. मी त्यांना सांगितलं, ही तीच दोन अंडी, जी मशीन खात होतं. त्यांना तो विनोद वाटला नाही.

त्या आजारातलं त्यांना जवळजवळ काहीच आठवत नाही. घाट आठवतो, मग एकदम 'पाणी'. मधले दिवस गायब. एका रात्री वीज गेली होती, आम्ही खळ्यात बसलो होतो, आणि त्यांनी अचानक विचारलं, "मी इतके दिस खाय काय होतंय?"

मी मोबाइल काढला. शीट अजून होती. मी त्यांना दिवसावार वाचून दाखवलं. दुसरा दिवस, तासाला वीस मिलिलिटर, एकूण ३१०. तिसरा, ४८०. पाचवा, ८७०, त्यातलं २६० झोपेच्या औषधातलं. सातवा, फॉस्फेट. आठवा, पहिल्यांदा १५०० च्या वर. दहाव्यापाशी शीट संपली. मी अकरा आणि बारा तोंडी सांगितले. तेरावा दिवसही सांगितला. शहाळं, फोन, आणि फोनवरचे ते पाच सेकंदही.

ते शांतपणे ऐकत होते. आई आत चुलीपाशी होती, भांड्यांचा आवाज थांबला होता.

"म्हणजे अकरा दिस नुसता ता पांढरा पाणी?" बाबा शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि वांगडा?"

"वांगडा म्हणजे?"

"तोंडाक लावक रे. लोणचा, सुको बांगडो. कायच नाय?"

"नाकातून जायचं बाबा ते. तोंडात काहीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग आत बघून मोठ्याने म्हणाले, "गो, पेज झाली काय?"